डिस्क थांबते, की तिची तार झोपते?

"पीसी मध्येच अडकतो हो," ही तक्रार इंदूरला आमच्या लोकमान्य नगरात जुना डेस्कटॉप असलेल्या घरांतून हमखास ऐकू येते. त्यावरचा सल्लाही ठरलेला: पॉवर ऑप्शन्समध्ये जा आणि हार्ड डिस्क 'नेव्हर' करून टाका. कधी तेवढ्याने काम होतं, कधी काडीचाही फरक पडत नाही. विंडोजमध्ये डिस्कची वीज वाचवणाऱ्या दोन वेगळ्या सोयी आहेत. दोन्ही 'हार्ड डिस्क' याच मथळ्याखाली बसतात, पण एक समोर दिसते आणि दुसरी लपवून ठेवलेली असते.

दिसणारी सोय म्हणजे 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर'. ठरावीक वेळ डिस्ककडे कुणी काही मागितलं नाही, की तिची मोटर बंद होते. बॅलन्स्ड प्लॅनमध्ये, पीसी विजेवर असताना, ही वेळ सहसा २० मिनिटं असते. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी एकदा थांबली, की पुन्हा पूर्ण वेगात यायला काही सेकंद लागणारच.

आमच्या शेजारच्या काकूंकडे विंडोज एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर आहे, आणि नातवंडांचे फोटो डी ड्राइव्हवर, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवर. दुपारचा चहा उरकून त्या फोटोंचं फोल्डर उघडतात तेव्हा एक्सप्लोररची हिरवी पट्टी नुसती सरकत राहते, कॅबिनेटमधून घूंऽऽ असा चढत जाणारा आवाज येतो, आणि मग सगळे फोटो एकदम दिसतात. हा आवाज ऐकू आला की निदान झालं. इथे 'नेव्हर' हाच बरोबर उपाय आहे. डेस्कटॉपवर मी तोच सुचवते, कारण दिवसातून अनेकदा थांबून पुन्हा सुरू होण्यात मोटरची झीज आहे आणि वाचणारी वीज अगदी थोडी.

लपवलेली सोय वेगळ्याच जागी काम करते. तिचं नाव 'एएचसीआय लिंक पॉवर मॅनेजमेंट'. इथे तबकडी फिरतच राहते. झोपतो तो मदरबोर्ड आणि डिस्क यांच्यामधला साटा दुवा, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या केबलवरचा संपर्क. झोपेची सुरुवात मदरबोर्डच्या कंट्रोलरने केली तर ती एचआयपीएम, डिस्कने स्वतः केली तर डीआयपीएम. हलक्या झोपेला 'पार्शियल' म्हणतात, तिच्यातून १० मायक्रोसेकंदांच्या आत जाग यायला हवी. गाढ झोप म्हणजे 'स्लंबर', तिला १० मिलिसेकंदांची मुभा आहे. एवढा उशीर कुणाला जाणवणारही नाही. त्यामुळे सगळं नीट चाललं असेल, तर या सोयीला हातही लावू नये.

त्रास होतो तो काही डिस्क, विशेषतः काही जुन्या एसएसडी, या झोपेतून धड परत येत नाहीत तेव्हा. पाठवलेली आज्ञा अडकून पडते, विंडोज वाट बघतं आणि शेवटी डिस्कशी जोडणी नव्याने सुरू करतं. तोवर माउस हलतो, पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही. कॅबिनेटवरचा लाल दिवा न लुकलुकता पेटून राहतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यस्त दिसते आणि प्रत्यक्ष वाचन-लेखन जवळपास शून्य. आवाज मात्र कसलाच नाही. विंडोजच्या घडामोडींची वही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये त्याच वेळेला 'स्टोरएएचसीआय' (साटा दुवा सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर) या नावाने १२९ क्रमांकाची नोंद सापडली, तर संशय या दुव्यावर घ्यायचा. मोटरचं सेटिंग कितीही वेळा 'नेव्हर' केलं तरी हा अडथळा हटत नाही.

लपलेलं सेटिंग बाहेर काढायला रजिस्ट्री एडिटर लागतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जचा साठा. आधी रजिस्ट्रीची प्रत एक्सपोर्ट करून ठेवा, ही पायरी चुकवू नका. मग लोकल मशीनखाली सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, पॉवर असं उतरत 'पॉवर सेटिंग्ज'पर्यंत जा आणि फाइंड वापरून 'लिंक पॉवर मॅनेजमेंट' शोधा. नावाच्या शेवटी 'अ‍ॅडॅप्टिव्ह' असलेली नोंद सोडून द्या, ती हलक्या झोपेतून गाढ झोपेत कधी जायचं ते ठरवते. एचआयपीएम-डीआयपीएम लिहिलेल्या नोंदीतलं 'अ‍ॅट्रिब्यूट्स'चं मूल्य १ असेल, ते २ करा. पॉवर ऑप्शन्सची प्रगत खिडकी पुन्हा उघडलीत की नवा पर्याय दिसेल. डेस्कटॉपवर तिथे 'अ‍ॅक्टिव्ह' निवडा, म्हणजे दुवा जागाच राहील. लॅपटॉपवर फक्त चार्जर लावलेला असतानापुरतं तसं करा, कारण बॅटरीवर या झोपेचा खरोखर फायदा होतो.

हे सगळं मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरपुरतं. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर असेल, तर दुव्याचं नियंत्रण त्याच्या हाती असतं. आणि एनव्हीएमई या नव्या प्रकारची एसएसडी साटावर नसतेच, तिच्या दुव्याचं सेटिंग त्याच खिडकीत 'पीसीआय एक्सप्रेस'खाली वेगळं असतं.

'अ‍ॅक्टिव्ह' करूनही १२९ ची नोंद येत राहिली, तर सेटिंग्जशी खेळणं थांबवा. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्या, मग जेल रोडवरून नवी साटा केबल आणून बदलून बघा. डिस्कच्या स्मार्ट माहितीत, म्हणजे ती स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यात, १९९ क्रमांकाचा सीआरसी त्रुटींचा (केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीचा) आकडा केबल बदलल्यावर वाढायचा थांबला, तर दोष केबलचाच होता.