विक्री मापदंड : निदान आणि मार्गदर्शन

विक्रीचे काम नेमके कोठे अडते हे आकड्यांवरून ओळखणे आणि त्यानुसार प्रत्येक विक्रेत्याच्या कामाच्या पद्धतीत सुधारणा घडवून आणणे, ही विक्री व्यवस्थापनातील एक पद्धत. महिनाअखेरीस टार्गेट किती टक्के झाले ते पाहणे म्हणजे ही पद्धत नव्हे. तो लागलेला निकाल असतो आणि त्यात फेरफार करायची वेळ निघून गेलेली असते. निदानाला उपयोगी पडतात ते निकालाच्या अलीकडचे आकडे : नवे संपर्क, भेटी, दिलेली कोटेशन्स, एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जाणाऱ्या व्यवहारांचे प्रमाण आणि एकेक व्यवहार कोणत्या टप्प्यावर किती दिवस पडून आहे याची नोंद.

विक्रेत्याला आकडा ठरवून देण्याची प्रथा शिस्तीत बसवणाऱ्यांत अमेरिकेतील जॉन एच. पॅटरसन यांचे नाव ठळक आहे. १८८४ मध्ये गल्ल्याची यंत्रे बनवणारी कंपनी विकत घेऊन त्यांनी ती नॅशनल कॅश रजिस्टर या नावाने वाढवली. विक्रेत्यांना त्यांनी ठरावीक क्षेत्र आणि कोटा दिला, शिवाय ग्राहकाशी काय बोलायचे याची छापील पुस्तिकाही दिली. तेथे तयार झालेले टॉमस वॉटसन यांनी हीच शिस्त पुढे आयबीएममध्ये नेली. कोटा गाठणाऱ्यांसाठी तेथे ‘हंड्रेड पर्सेंट क्लब’ होता. कोट्याने बक्षीस कोणाला द्यायचे आणि कानउघाडणी कोणाची करायची हे ठरते, पण विक्री का झाली नाही हे कळत नाही. त्यासाठी टप्प्याटप्प्याची नोंद लागते. १९९० च्या दशकात ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या सीआरएम सॉफ्टवेअरचा प्रसार झाल्यावर ती ठेवणे सोपे झाले.

समजा, एका तिमाहीत दोन विक्रेत्यांना प्रत्येकी १० ऑर्डरींचे टार्गेट होते आणि दोघांनीही ६ आणल्या. पहिल्याने १२० नव्या लोकांशी संपर्क साधला, ६० भेटी घेतल्या, ४० कोटेशन्स दिली. दुसऱ्याचे आकडे ३०, १८ आणि १२. निकाल सारखा असला तरी अडचण वेगळी आहे. दुसऱ्याच्या निम्म्या कोटेशन्सची ऑर्डर होते, त्याला फक्त नवी गिऱ्हाइके कमी पडतात. पहिल्याची १०० पैकी १५ कोटेशन्सच फळतात. त्याला ‘अजून फोन कर’ सांगितले, तर वाया जाणारी कोटेशन्स तेवढी वाढतील. त्याची रखडलेली दहा-बारा प्रकरणे काढून वाचावीत. निर्णय घेणाऱ्या माणसाची गाठ पडण्याआधीच दर कळवला गेला, किंवा गरज नीट न विचारता सगळ्यांना एकच कोटेशन धाडले, असे काहीतरी बहुधा हाती लागते. आकडा इथपर्यंत आणून सोडतो. पुढचे कारण विक्रेत्याबरोबर भेटीला जाऊन किंवा कॉल ऐकूनच कळते.

विक्रीचा वेग हा एक संयुक्त मापदंड आहे. हातातील संधींची संख्या, व्यवहाराचे सरासरी मूल्य आणि यशाचे प्रमाण यांच्या गुणाकाराला व्यवहार पूर्ण व्हायला लागणाऱ्या दिवसांनी भागले की तो मिळतो. मात्र हे चारही घटक एकमेकांत गुंतलेले असतात. डिस्काउंट सढळ हाताने दिला की यशाचे प्रमाण वाढते आणि सरासरी मूल्य घसरते.

छोट्या आकड्यांवरून माणसाची किंमत करणे ही या क्षेत्रातली सर्वांत नेहमीची चूक. ज्याचे यशाचे खरे प्रमाण ३० टक्के आहे, त्याला २० संधींतून एका तिमाहीत ४, तर दुसऱ्या तिमाहीत ८ ऑर्डरी मिळणे यात काहीच विशेष नाही. निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडतो. अतिशय वाईट महिन्यानंतरचा महिना बहुधा त्याहून बरा जातो, आणि त्याचे श्रेय मधल्या खरडपट्टीला दिले जाते. क्षेत्र, हंगाम आणि अनुभव वेगळे असलेल्यांना एका यादीत क्रमाने बसवणे तर त्याहून फसवे.

मोजमापालाच उद्दिष्ट केले की ते बिघडते, हे निरीक्षण ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडले होते. विक्रीत त्याचा सर्वांत गाजलेला दाखला म्हणजे वेल्स फार्गो बँक. एका ग्राहकाला अनेक खाती व कार्डे विकण्याच्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी संमतीशिवाय खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. तोपर्यंत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकले होते. त्यानंतर शाखांतील विक्री उद्दिष्टेच रद्द करण्यात आली. रोजच्या व्यवहारात हाच दोष किरकोळ रूपात दिसतो : रिव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी भरलेले कॉल, आणि ‘क्लोज होण्याची तारीख’ दर महिन्याला एक महिना पुढे सरकणारी जुनी लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकाची नोंद.

मार्गदर्शनाची बैठक रिव्ह्यूपासून वेगळी ठेवतात ती यासाठीच. पगारवाढ आणि सुधारणा एकाच टेबलावर आल्या की विक्रेता आकडे झाकायला लागतो. बैठकीत एकच मापदंड आणि त्यामागची एकच सवय घेतात. उदाहरणार्थ, निर्णय घेणाऱ्याला भेटल्याशिवाय कोटेशन द्यायचे नाही. वरच्या उदाहरणातील पहिल्या विक्रेत्याने हे पाळले, तर सुरुवातीच्या आठवड्यांत त्याच्या कोटेशन्सची संख्याच कमी होईल आणि विक्रीचा आकडा हलणार नाही. व्यवहार पूर्ण व्हायला जितके दिवस लागतात, तेवढे उलटल्यावरच ऑर्डरींमध्ये फरक पडतो.