गोल्फच्या मैदानावरील दूर्वा

माझा भाचा कॅलिफोर्नियातील कोचेला खोऱ्यात, पाम स्प्रिंग्जजवळच्या एका फाटकबंद वसाहतीत राहतो. मागच्या दारातून पाऊल टाकले की थेट गोल्फचे मैदान लागते, आणि त्या क्लबचे सदस्यत्व त्याला घराबरोबरच घ्यावे लागले होते. गेल्या ऑक्टोबरात त्याचा तक्रारीचा फोन आला: मैदान तीन आठवडे बंद, मासिक वर्गणी मात्र पूर्ण. कारण विचारले तेव्हा क्लबने सांगितले की, गवत बदलण्याचे काम चालू आहे. हिरवेगार गवत बदलायचे कशाला, हा त्याचा प्रश्न वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मामाला विचारलेला असल्यामुळे उत्तर थोडे लांबले.

त्या मैदानावर उन्हाळाभर असते ती आपली दूर्वाच. इंदूरमध्ये खजराना गणपतीच्या आवाराबाहेर दोऱ्याने बांधलेल्या जुड्या मिळतात तीच जात, सायनोडॉन डॅक्टिलॉन. अमेरिकेत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, पण ती मूळची बर्म्युडा बेटांवरची नाही. काळ्या मातीतून हरळीच्या काशा वेचून दमलेल्या शेतकऱ्याला तिच्या चिवटपणाबद्दल वेगळे सांगायला नको. पेऱ्यापेऱ्याला मूळ धरत ती पसरते. मैदानांवर बहुधा तिचा संकर लावतात. जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे तयार झालेला आणि 1960 मध्ये प्रसारित केलेला 'टिफवे' त्यांपैकी प्रसिद्ध. तो वांझ असल्याने बियांवर येत नाही, कांड्यांचे तुकडे लावूनच वाढवावा लागतो.

वाळवंटात ही दूर्वा टिकते कशी, हे समजून घेण्यासाठी पानाच्या आत डोकावावे लागते. प्रकाशसंश्लेषणात कर्बवायू पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर करते. या विकराची एक खोड आहे: कर्बवायूऐवजी ते अधूनमधून प्राणवायूलाच धरते, आणि ती चूक निस्तरण्यात वनस्पतीची कमावलेली साखर व ऊर्जा वाया जाते. तापमान वाढते तशा या चुका वाढतात. त्यातच पाणी वाचवण्यासाठी वनस्पतीने पर्णरंध्रे अर्धवट मिटली, तर पानातला कर्बवायू आणखी कमी होतो आणि रुबिस्कोच्या चुकांना ऊत येतो. गहू, भात आणि बहुतेक झाडे या कोंडीत सापडतात.

दूर्वा, ऊस, मका आणि ज्वारी यांनी त्यावर दोन खोल्यांचा तोडगा काढला आहे. बाहेरच्या पेशींत पेप कार्बॉक्सिलेज हे दुसरे विकर बसलेले असते. ते प्राणवायूला मुळीच भुलत नाही आणि तुटपुंजा कर्बवायूही टिपून घेते. त्यापासून प्रथम चार कार्बनचे आम्ल बनते, म्हणून या वनस्पतींना सी-4 म्हणतात. ते आम्ल पानाच्या शिरेभोवती कड्यासारख्या रचलेल्या आतल्या पेशींत जाते, तेथे पुन्हा कर्बवायू मोकळा होतो, आणि आत कोंडून बसलेल्या रुबिस्कोभोवती त्याचे प्रमाण बाहेरच्या पेशींच्या सुमारे 10 पट होते. एवढ्या गर्दीत प्राणवायूला धरण्याची संधीच फारशी उरत नाही. ऊर्जा थोडी जास्त लागते, पण रंध्रे कमी उघडून काम भागते. त्यामुळे तेवढेच वाळलेले वजन कमावायला सी-4 गवताला साध्या गवताच्या साधारण निम्मे पाणी पुरते. हा मार्ग हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात उसावर काम करून 1966 मध्ये मांडला. गणेशोत्सवात आमच्या व्हॉट्सॲप समूहावर दूर्वा किरणोत्सर्ग शोषून घेते असा संदेश फिरतो. त्याला आधार काही नाही, आणि पानातले हे खरे कसब मात्र त्यात कधीच नसते.

आता भाच्याचा प्रश्न. दूर्वेला थंडी मानवत नाही. जमिनीचे तापमान 10 अंशांच्या आसपास उतरले की तिची वाढ थांबते आणि ती तपकिरी पडून निजते. क्लबचे बरेच सदस्य मात्र उत्तरेच्या बर्फाला कंटाळून नेमके हिवाळ्यातच येतात आणि त्यांना हिरवे मैदान हवे असते. म्हणून शरदात दूर्वा अगदी जमिनीलगत खरवडून तिच्यावर रायग्रास या थंडीत वाढणाऱ्या गवताचे बी पेरतात, आणि कोंब येईपर्यंत दिवसातून अनेकदा पाणी शिंपडतात. रायग्रास साध्या, म्हणजे सी-3 मार्गाचे. उन्हाळा तापला की ते मरते आणि खालची दूर्वा पुन्हा डोके वर काढते. वाळवंटाला शोभणारे गवत झोपले असताना पाहुणे गवत पोसण्याचा हा खर्च वर्गणीतून होतो. काही मैदानांवर झोपलेल्या दूर्वेला हिरवा रंग फवारतात. मला तो मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

काटकसरी असली तरी दूर्वाही तहानलेली असते. या खोऱ्यातील हवा वर्षभरात सुमारे 1.8 मीटर पाणी ओढून नेऊ शकते. पाऊस पडतो 12-13 सेंटीमीटर. उष्ण हंगामातील गवताला या ओढीच्या 0.6 पट, थंड हंगामातील गवताला 0.8 पट पाणी लागते असे धरतात. वर्षभर फक्त दूर्वाच आहे असे मानले तरी हिशेब 1.1 मीटरवर जातो. 40 हेक्टर हिरवळीसाठी ते वर्षाला 44 कोटी लिटर, म्हणजे दिवसाला सरासरी 12 लाख लिटर होतात. माणशी 135 लिटर या आपल्या शहरी मापाने त्यात जवळजवळ 9,000 माणसांची सोय होते. नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून आणणाऱ्या इंदूरकराला हा आकडा चटकन समजेल.

कोचेला खोऱ्यात भूजल व प्रक्रिया केलेले सांडपाणीही वापरतात. पण कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने येते तेव्हा लिटरमागे सुमारे 700 मिलिग्रॅम क्षार घेऊन येते. पाणी उडते, क्षार मागे राहतात: 1.1 मीटर पाण्यामागे हेक्टरी साडेसात टनांहून अधिक. ते मुळांखाली ढकलण्यासाठी आणखी पाणी सोडावे लागते, आणि वरच्या हिशेबात ते धरलेलेच नाही.

हे सर्व ऐकून झाल्यावर भाच्याने सांगितले की, भाद्रपदात गणपती बसवताना त्याने दूर्वा भारतीय दुकानातून विकत आणल्या होत्या. मागच्या दारी 40 हेक्टर दूर्वा असूनही त्याचे बरोबरच होते, कारण मैदानावरची दूर्वा बोटाच्या पेरापेक्षाही खुरटी कापलेली असते, आणि तिच्यावर तणनाशक मारलेले असते.