चाकूवर 'मोरा' लिहिलंय म्हणजे सगळे एकाच कंपनीचे? नाही!

लाल लाकडी मुठीचा जुना स्वीडिश चाकू दिसला की लोक लगेच म्हणतात, "हा मोरा कंपनीचा, १८९१ चा." कृपया हे पसरवणं थांबवा, कारण यातल्या दोन्ही गोष्टी चुकतात आणि नवीन कलेक्टर यात पैसे घालवून बसतात.

मोरा हे गाव आहे, स्वीडनच्या दालार्ना भागातलं. तिथे आणि शेजारच्या ओस्टनोरमध्ये चाकू करणारे बरेच जण होते, एक नाही. फ्रॉस्ट-एरिक एर्सन यांचा कारखाना १८९१ चा, तर के. जे. एरिक्सनचा १९१२ चा, आणि हे दोघं कित्येक दशकं वेगवेगळेच होते, २००५ मध्ये ते एकाच नावाखाली आले. मोराक्नीव्ह हे आजचं नाव तर त्याहून नंतरचं. म्हणजे १८९१ हे साल एका कारखान्याच्या सुरुवातीचं आहे, तुमच्या हातातल्या चाकूचं नाही!

मग बघायचं काय? आधी पात्यावरचा शिक्का, मुठीजवळचा, भिंगाखाली नीट वाचा. 'एरिक फ्रॉस्ट' किंवा 'फ्रॉस्ट्स' असेल तर एक घराणं, 'के. जे. एरिक्सन' असेल तर दुसरं, आणि 'एस्किल्स्टूना' असेल तर गावच वेगळं, पी. होल्मबर्ग हा चाकू करणारा तिथला. नंतर म्यान. प्लास्टिकचं म्यान सोबत असलेला चाकू कुणी "एकोणिसाव्या शतकातला" म्हणून विकत असेल तर सरळ पुढे चला.

आणि प्लीज, शिक्का दिसावा म्हणून पातं घासून चकचकीत करू नका, त्यात शिक्काच पुसट होतो, आणि ओळख पटवायचा सगळ्यात चांगला पुरावा तोच असतो.