एव्हरेस्टिंग

एव्हरेस्टिंग : एकच टेकडी किंवा एकच घाट पुन्हा पुन्हा चढून-उतरून एकूण चढाई एव्हरेस्टच्या उंचीइतकी, म्हणजे 8,848 मीटर भरवण्याचे आव्हान. सुरुवात सायकलस्वारांनी केली. पुढे धावणारे आणि चालणारेही यात उतरले. 2020 च्या टाळेबंदीत घरातल्या जिन्यावर, ट्रेडमिलवर आणि स्थिर सायकलवर याची असंख्य रूपे निघाली आणि त्यांतल्या अनेकांना देणगी गोळा करण्याची जोड मिळाली.

नियम एका दमात सांगता येतील इतके थोडे आहेत. चढ जगातला कोणताही चालतो, पण एकदा निवडला की शेवटपर्यंत तोच. ज्या वाटेने चढायचे त्याच वाटेने उतरायचे. वेळेची मर्यादा नाही, मात्र मध्ये झोप घ्यायची नाही. खायला-प्यायला, कपडे बदलायला थांबता येते. घड्याळ तेवढे चालूच राहते. सगळी नोंद उपग्रहावर चालणाऱ्या घड्याळात किंवा सायकलच्या संगणकात व्हावी लागते. कितीही अंतर कापले तरी ते मोजणीत धरत नाहीत, मोजतात ती फक्त चढाई. त्यामुळे चढ निवडतानाच अर्धी लढाई ठरते. तीव्र चढ घेतला तर एकूण अंतर कमी पडते, पण पाय लवकर भरून येतात. सौम्य चढ घेतला तर पाय टिकतात, पण किलोमीटर वाढत जातात आणि रात्र रस्त्यावर काढावी लागते.

या कल्पनेच्या मुळाशी एका आजोबांची आणि नातवाची गोष्ट आहे. गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी 8 जून 1924 रोजी अँड्र्यू आयर्विनसोबत एव्हरेस्टच्या शिखराकडे जाताना दिसेनासे झाले. मॅलरी यांचा देह 1999 मध्ये सापडला. त्यांचे नाव धारण करणारा नातू जॉर्ज मॅलरी एव्हरेस्ट मोहिमेची तयारी म्हणून 1994 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला माउंट डॉना बुआंग सायकलने वारंवार चढला आणि एका दिवसात एव्हरेस्टएवढी चढाई भरवली. पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, तो खऱ्या एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला. डॉना बुआंगवरच्या त्या दिवसाची हकिगत मेलबर्नच्या अँडी व्हॅन बर्गन यांच्या वाचनात आली. त्यांनी 2014 मध्ये आपल्या ‘हेल्स 500’ या सायकलस्वारांच्या गटामार्फत तिला नियम, नाव आणि यशस्वी वीरांची यादी दिली. पुढे उपप्रकार निघाले. झेपत नसेल त्याने पाव किंवा अर्धे एव्हरेस्ट चढावे. ज्याची भूक भागत नसेल त्याने 10,000 मीटर गाठावेत. सायकलस्वारांसाठीचा ‘रोम’ हा प्रकार तर अंतर आणि चढाई यांची सांगडच घालतो : 36 तासांत किमान 400 किलोमीटर अंतर आणि 10,000 मीटर चढाई. त्यात एकाच टेकडीचे बंधन नाही.

अंतर आणि चढाई एका मापात कशी आणायची हा प्रश्न तसा जुना आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये चालण्याच्या वेळेचा ठोकताळा दिला : दर तीन मैलांना एक तास आणि वर दर 2,000 फूट चढाईला आणखी एक तास. आजच्या डोंगरी शर्यतींत त्याहून सोपा हिशेब करतात. 100 मीटर चढाई म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर. या मापाने एव्हरेस्टिंगमधली निव्वळ चढाईच 88 किलोमीटरांच्या तोलाची होते, आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर त्यात आणखी मिळवायचे असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा आकडा सिंहगडावर नेला की लगेच कळतो. आतकरवाडीतून पायवाटेने गडावर जाताना साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटर चढाई होते असे धरले, तर एव्हरेस्टसाठी 15 ते 17 वेळा गड चढावा लागेल, आणि तेवढ्याच वेळा उतरावाही लागेल. रविवारी सकाळी एकदा गड करून वर पिठलं-भाकरी खाऊन खाली येणाऱ्याने डोळे मिटून ही बेरीज करून पाहावी. पहिल्या चार-पाच फेऱ्या हौसेच्या असतात. सहाव्या-सातव्या फेरीला वाटेतला प्रत्येक दगड ओळखीचा होतो. उन्हात पाणी कितीही प्यायले तरी कपाळावर मीठ साचते. फेऱ्यांचा आकडा डोक्यात राहत नाही, म्हणून पायथ्याशी खडे मांडून ठेवायचे आणि दर फेरीला एक बाजूला सारायचा हा उपाय साधा आहे, पण थकलेल्या माणसाचा त्याच्यावर घड्याळापेक्षा जास्त विश्वास बसतो.

सायकलस्वाराला उतार म्हणजे विसावा. धावणाऱ्याचे नेमके उलटे असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार अडवून धरतात. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरणेही नकोसे होते. अमेरिकेत 2017 पासून होणाऱ्या ‘29029’ या उपक्रमाने यावर सरळ तोड काढली. डोंगर चालत चढायचा आणि दोरमार्गाच्या पाळण्यातून खाली यायचे. व्हर्मॉंटमधल्या स्ट्रॅटन डोंगरावर अशा 17 फेऱ्या होतात. नावातला आकडा म्हणजे फुटांतली एव्हरेस्टची उंची. मूळ नियमांच्या काटेकोर भाषेत हे एव्हरेस्टिंग नव्हे, पण गुडघ्यांची काळजी म्हणून ते शहाणपणाचे आहे.

आभासी रूपात डोंगर पडद्यावर असतो. घरातली स्थिर सायकल पडद्यावरच्या रस्त्याशी जोडणाऱ्या झ्विफ्ट या प्रणालीत आल्प्समधल्या आल्प द्युएझ या घाटावर बेतलेला, 21 वळणांचा आणि सुमारे 1,036 मीटर चढाईचा घाट आहे. तो साडेआठ वेळांहून किंचित जास्त चढला की एव्हरेस्ट भरते. ट्रेडमिलवर 15 टक्के चढ लावून धावले तर सुमारे 60 किलोमीटरांत हे जमते, 10 टक्के लावला तर 89 किलोमीटर लागतात. घरातला जिना घेतला आणि पायरी 17 सेंटिमीटरांची धरली, तर सुमारे 52,000 पायऱ्या. आभासी म्हणून हे खोटे ठरत नाही. विरळ हवा, थंडी आणि हिमकडे यात नाहीत हे खरे, आणि त्यामुळे खऱ्या एव्हरेस्टशी याची बरोबरी कोणी करू नये. पण शरीर वर उचलायला लागणारे कष्ट मीटरामीटराने खरेच असतात.

देणगीची जोड मिळाली तेव्हा ही आव्हाने खेळाडूंच्या वर्तुळाबाहेर गेली. रीत सोपी आहे. ठरवलेले अंतर किंवा उंची जाहीर करायची आणि ओळखीच्यांनी एकरकमी किंवा दर फेरीमागे काही रक्कम एखाद्या संस्थेला द्यायची. मुंबई मॅरेथॉनमुळे 2004 पासून आपल्याकडेही ही पद्धत रुळली आहे. 2020 मध्ये लंडन मॅरेथॉन पुढे ढकलली गेली, तेव्हा तिच्या ठरल्या दिवशी, 26 एप्रिलला, ब्रिटनमधल्या लोकांनी 2.6 किंवा 26 या आकड्याशी जुळणारे काहीही घरच्या घरी करून एक कोटी पौंडांहून अधिक निधी उभा केला. त्याच महिन्यात शंभरीच्या उंबरठ्यावरचे कॅप्टन टॉम मूर चालण्याच्या आधारावर आपल्या 25 मीटरांच्या अंगणात शंभर खेपा घालत होते. त्यांच्यामुळे सुमारे 3.3 कोटी पौंड आरोग्यसेवेच्या धर्मादाय निधीत गेले. चढाईचे त्याहून नेमके उदाहरण स्कॉटलंडमधल्या नव्वदीच्या मार्गारेट पेन यांचे. त्यांनी घरातला जिना 282 वेळा चढून 731 मीटर उंचीच्या सुलव्हेन डोंगराएवढी चढाई जून 2020 मध्ये पुरी केली आणि लाखो पौंड जमवले. एका खेपेला अडीच मीटरांहून थोडे जास्त. एव्हरेस्टच्या बाराव्या भागाएवढीच ही उंची, तरी या प्रकारातले सर्वांत मोठे काम मला तेच वाटते.

त्याच टाळेबंदीत शर्यती बंद पडलेले व्यावसायिक सायकलपटू एव्हरेस्टिंगच्या विक्रमामागे लागले. निवृत्त झालेले स्पेनचे सायकलपटू अल्बर्टो कोंतादोर यांनीही जुलै 2020 मध्ये साडेसात तासांच्या आत चढाई पुरी केली, आणि मार्च 2021 मध्ये आयर्लंडच्या रोनन मॅक्लॉक्लिन यांनी ती वेळ 6 तास 40 मिनिटे 54 सेकंदांवर आणली. ऑस्ट्रेलियाचे लॅक्लन मॉर्टन यांचा अनुभव मात्र या सगळ्या हिशेबांतला कच्चा दुवा दाखवतो. कोलोरॅडोमधल्या चढावर त्यांनी विक्रम केल्याचे जाहीर झाले. नंतर त्या चढाची उंची नोंदवलेल्या आकड्यापेक्षा कमी असल्याचे आढळले आणि एकूण चढाई 8,848 च्या खाली आली. काही दिवसांतच त्यांनी तोच चढ पुन्हा पहिल्यापासून केला. हवेच्या दाबावरून उंची काढणारी घड्याळे हवामान बदलले की फसतात, उपग्रहावरची मापे झाडीत आणि खिंडीत डळमळतात. म्हणून जाणकार आधी नकाशावरून चढाची उंची तपासून घेतात आणि हिशेबाने ठरलेल्या फेऱ्या संपल्यावर, पाय नको म्हणत असतानाही, आणखी एक फेरी मारतात.