नीलवंत फुलपाखरू

नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन, आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ ला घोषणा झाली, असं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलंच राज्य. तेव्हा ‘राणी पाकोळी’ हे नाव जास्त फिरलं, पण पाकोळी म्हणलं की पक्षीच डोळ्यापुढं येतो, म्हणून इथं नीलवंत.

शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर, दिलं क्रॅमर या डच माणसानं, १७७५ च्या सुमारास. त्या काळी या गटातल्या फुलपाखरांना ग्रीक पुराणातली नावं द्यायची पद्धतच होती, हे नावही बहुधा थ्रेसच्या त्या राजावरून आलं असावं ज्यानं सोन्यापायी सांभाळायला दिलेलं पोरगं मारलं. बिचाऱ्या पाखराचा काय संबंध! मॉर्मनचं कोडं वेगळंय. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथात पूर्वी एकाला अनेक बायका असायच्या, आणि कॉमन मॉर्मन फुलपाखरात नर एकाच रूपाचा पण माद्या तीन-तीन रूपांच्या, त्यावरून ते नाव पडलं असं सांगतात आणि ते पटतंही. नीलवंताच्या माद्यांत तसला बहुरूपीपणा नाही, त्याला ते नाव भाऊबंदकीतून चिकटलं असं धरलेलं बरं.

कुळ स्वॅलोटेलचं, म्हणजे मागच्या पंखांना बहुधा शेपटी असणाऱ्या फुलपाखरांचं, पण याला शेपूट नाही. पंख पसरले की १२ ते १५ सेंमी. सदर्न बर्डविंग या फुलपाखरानंतर देशात आकारानं दुसरं असं सर्रास छापतात, पण २०२० मध्ये हिमालयातलं गोल्डन बर्डविंग सगळ्यात मोठं ठरलं, तेव्हा ‘मोठ्यांपैकी एक’ एवढंच म्हणावं. काळे पंख, मागच्या पंखांवर फिकट निळा पट्टा न् काळे ठिपके.

खरं घर सह्याद्रीची ओली जंगलं, दक्षिण भारत आणि श्रीलंका; श्रीलंकेतली उपजात पॅरिंडा. नर ओल्या मातीवर क्षार चोखत बसतात. अंडी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर, म्हणजे माकडलिंबू, लिंबू वगैरे. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मोठी झाली की हिरवी, डिवचली की डोक्यामागून लालसर दुशिंगी बाहेर काढून घाण वास सोडते.

मराठवाडा कोरडा, घाटासारखं हे इथं जागोजागी दिसत नाही. जालन्याकडं मोसंबीच्या कोवळ्या पानांवर जी अळी सापडते ती बहुतेक लेमन बटरफ्लायची. लहानपणी दोन्ही अळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळं फवारणी करणाऱ्याला फरक कळायचं कारण नाही. पाखरू झाल्यावर मात्र लेमनचे ठिपके पिवळट, निळा पट्टा नाही.