ॲम्पचा बेस आवळून घेण्यापूर्वी

जुन्या घडणीचे व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे) ॲम्प वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

‘आवाज वाढवला की गिटारची जाड तार नुसती घुमते, सूर कळत नाही.’ ॲम्प घेऊन येणारे बहुतेक जण हेच सांगतात. ॲम्पही बहुधा एकाच घराण्याचा असतो. फेंडरच्या ‘डीलक्स ५ई३’ या १९५५च्या मॉडेलवरून बेतलेला, दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह आणि बारा इंची स्पीकर असलेला. (वरच्या कापडाला सगळे ट्वीड म्हणतात, पण सोलापूरकराला हात लावताच कळेल की ते लोकरी नाही, तिरप्या विणीचं सुती कापड आहे.)

असा ॲम्प बिघडलेला असतोच असं नाही. तो बेतला तेव्हा गिटारला साधे सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारे भाग) असत. गिब्सनने हमबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप, गिटारवर बसवले ते १९५७मध्ये. त्या जोरकस पिकअपने तोच ॲम्प वाजवला की खर्जाचा लोंढा आत शिरतो. बेस कमी करायचं बटण त्यावर नाही. एकुलतं एक टोनचं बटण आहे, ते टीपेच्या बाजूचं.

पैसे खर्च करण्याआधी ॲम्प भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर काढा आणि जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा. कोपरा आणि फरशी दोन्ही बेस फुगवतात. एवढ्यानेच काम भागलं तर आम्हाला आनंदच आहे. स्पीकरचे स्क्रू ढिले नाहीत ना, तेही पाहा.

त्यानंतर आम्ही पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवठा सपाट ठेवणारे भाग, तपासतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यात व्हॉल्व्हची धग. कपॅसिटर वाळले की बेस पोकळ होतो आणि गुणगुण वाढते. अशा ॲम्पवर इतर बदल करणं म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणं. आधी हे कपॅसिटर बदलायचे, मग वाजवून बघायचं.

आता मुख्य काम. सैल बेस आवाज फाटण्याच्या *आधी* काढावा लागतो. एकदा खर्ज व्हॉल्व्हमध्ये चेंबला की पुढे कितीही गाळा, चिखल राहतोच. डग्ग्याचा घुमारा जास्त होतो तेव्हा तबलजी तो मनगटाच्या दाबाने तिथल्या तिथे आवरतो, तसंच हे. म्हणून आम्ही पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करतो. त्याच्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर) २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो गिटारच्या सगळ्यात खालच्या ‘ई’च्याही, म्हणजे ८२ हर्ट्झच्याही, खूप खालपर्यंत पूर्ण जोर देतो. त्याजागी ४.७ किंवा २.२ लावला की मधला आणि वरचा आवाज तसाच राहतो, खालचा फुगवटा उतरतो. ०.६८पर्यंत उतरणारेही आहेत, पण या ॲम्पचा ऊबदारपणाच त्यात जातो असं आमचं मत आहे.

दुसरी जागा शेवटच्या टप्प्यातली. ६व्ही६च्या ग्रिडला (व्हॉल्व्हमधल्या सिग्नल घेणाऱ्या जाळीला) सिग्नल पोचवणारे दोन ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात आणि ग्रिडपासून जमिनीला २२० किलो-ओहमचे रेझिस्टर. तार जोरात छेडली की ग्रिडमधून करंट वाहतो, कपॅसिटर भरतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर गुदमरतो. भरलेला कपॅसिटर रिकामा व्हायला वेळ लागतो. ०.१ आणि २२० किलोचा हिशेब २२ मिलिसेकंद निघतो, आणि पुरतं सावरायला त्याच्या तिप्पट. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचे चार भाग केले तर एकेक भाग १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे अर्धा सूर त्यातच गेला. कपॅसिटर ०.०२२चा केला की तो हिशेब पाचवर येतो. पलटे जलद वाजवणाऱ्याला हा फरक कानाआधी बोटांना जाणवतो. भाग ६३० व्होल्टचेच वापरतो.

दोन्ही बदल एकाच दिवशी करत नाही. पहिला करून ॲम्प घरी देतो. आठवडाभर तुमच्या गिटारवर, तुमच्या खोलीत वाजवा. निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याची गरज पडू नये, हाच आमचा प्रयत्न असतो. काढलेले भाग पिशवीत घालून परत मिळतात. ते जपून ठेवा, ॲम्प कधीही मूळ रूपात आणता येतो.

५वाय३ हा रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा व्हॉल्व्ह) काढून जीझेड३४ लावा, असं अनेक जण सांगतात. बेस घट्ट होतो हे खरं, पण आतली व्होल्टेज बरीच वाढते आणि ६व्ही६ तापून लाल होऊ शकतात. बायस (सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट) मोजल्याशिवाय आम्ही हे करत नाही. पॉवर सप्लायच्या पहिल्या कपॅसिटरच्या जागी एकदम १०० मायक्रोफॅरड लावायलाही आमचा नकार आहे, कारण रेक्टिफायर व्हॉल्व्हला ते झेपत नाही.

घरी उघडून बघण्याचा मोह होतो, आम्हाला कळतं. पण आत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये टिकून राहते. हात घालू नका. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकन ॲम्प ११०-१२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३०वर स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरशिवाय मुळीच नको. आणि वाजवून झाल्यावर ॲम्प पुरता निवल्याखेरीज त्यावर चादर टाकू नका.

येताना स्वतःची गिटार, नेहमीचं पेडल आणि केबल आणा. व्हॉल्यूमचं बटण कितीवर गेलं की बेस सैल पडतो, तो आकडा कागदावर लिहून आणा. आम्ही त्याच आकड्यावर, तुमच्याच हाताने वाजवून घेऊ आणि मगच डाख वितळवू.