समत्व

समत्व : सुख-दुःख, लाभ-हानी, मान-अपमान यांच्या आघाताने चित्ताचा तोल ढळू न देण्याची वृत्ती, तसेच ती अंगी बाणवण्याची साधना. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ४८) समत्वालाच योग म्हटले असून, त्यावरील भाष्यात ज्ञानेश्वरांनी मन आणि बुद्धी यांचे ऐक्य साधणारे चित्ताचे समत्व हेच योगाचे सार मानले आहे. आयुर्वेदाची दृष्टीही याच धाटणीची आहे : सुश्रुतसंहितेच्या व्याख्येनुसार दोष, अग्नी, धातू व मलक्रिया सम असणे स्वास्थ्याला पुरेसे नाही, तर आत्मा, इंद्रिये आणि मन हीही प्रसन्न असावी लागतात. पतंजलीच्या योगसूत्रांत (१.३३) मैत्री, करुणा, मुदिता (इतरांच्या सुखात आनंद) व उपेक्षा (तटस्थता) यांच्या भावनेने चित्त प्रसन्न होते असे सांगितले आहे, आणि याच चार भावना बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणून ओळखल्या जातात.

नागपुरात या विचाराला आचाराचे रूप आले ते योग आणि धम्म या दोन वाटांनी. जनार्दनस्वामींनी विसाव्या शतकात येथे घरोघरी योगासनांचा प्रसार केला. रामनगरातील त्यांच्या नावाचे योगाभ्यासी मंडळ आजही आसन-प्राणायामाचे शिक्षण देते. दुसरी वाट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर खुली झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्गाचे अनुसरण आणि प्राणिमात्रांवरील दया यांचा समावेश आहे.

समत्व प्रत्यक्षात कसे घडवले जाते, हे विपश्यनेच्या, म्हणजे संवेदना तटस्थपणे पाहण्याच्या बौद्ध ध्यानपद्धतीच्या, दहा दिवसांच्या शिबिरात सर्वांत स्पष्ट दिसते. नागपूरजवळ माहुरझरी येथे ‘धम्म नाग’ हे केंद्र आहे. पहाटे चारला घंटा होते आणि बोलणे पूर्ण बंद असते. सुरुवातीचे दिवस केवळ आनापानाचे, म्हणजे नाकपुड्यांतून आत-बाहेर होणारा श्वास आहे तसा पाहण्याचे असतात. तो मुद्दाम लांबवायचा नाही की रोखायचा नाही. पुढे डोक्यापासून पायापर्यंतच्या संवेदना क्रमाने पाहिल्या जातात. तासभर हातपाय न हलवता बसण्याच्या ‘अधिष्ठाना’च्या बैठकीत गुडघा ठणकू लागला की साधकाने वेदनेला झिडकारायचे नाही आणि सुखद संवेदनेला कवटाळायचेही नाही, एवढीच सूचना असते. ऐकायला सोपी वाटणारी ही सूचना अमलात आणताना भल्याभल्यांचा कस लागतो. यामागचे तत्त्व संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सल्लसुत्तात बाणाच्या दृष्टान्ताने येते : शरीराची वेदना हा पहिला बाण असून तिच्यावर चरफडणारा माणूस दुसरा बाणही सोसतो, आणि साधना टाळू शकते तो हा दुसराच. शिबिराचे शुल्क घेतले जात नाही. खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना मात्र प्रवेश घेऊ नये असे सांगितले जाते, आणि समत्वाच्या साधनेला वैद्यकीय उपचारांचा पर्याय समजणे धोक्याचेच आहे.

समत्वावरील गंभीर आक्षेप असा की, अन्याय निमूट सोसण्यासही ते शिकवू शकते. दीक्षाभूमीच्या शहरात तो विशेष अर्थपूर्ण ठरतो, कारण आंबेडकरांनी बुद्धाच्या शिकवणीचा अर्थ लावताना दुःखाची सामाजिक कारणे नजरेआड होऊ दिली नाहीत. जन्म, जरा व मरण यांतच दुःख पाहणारी चार आर्यसत्यांची रूढ मांडणी त्यांनी प्रश्नांकित केली. गीतेतील श्लोकही योगस्थ होऊन कर्म करण्यास सांगतो, कर्मत्याग करण्यास नव्हे. त्यामुळे चित्ताची स्थिरता आणि परिस्थिती बदलण्याचा आग्रह यांत विरोध मानण्याचे कारण नाही. तरीही आरोग्याच्या नावाने भरणाऱ्या अनेक वर्गांत ताण कमी करण्याच्या युक्त्या शिकवल्या जातात आणि ताणाच्या कारणांचा विषय निघत नाही.